पारडं फिरतं तेव्हा

१९९३ सालच्या जुलैमधला पहिला शनिवार. आमच्या मोहल्ल्यात केबल नुकती आली होती आणि रंगीत टीव्ही होता तो माझ्या मोठ्या बहिणीच्या, आपाच्या घरी. विम्बल्डनची महिलांची अंतिम लढत चालली होती. एका बाजूला स्टेफी ग्राफ, दुसऱ्या बाजूला याना नोव्होत्ना. पहिला सेट ग्राफने टायब्रेकमध्ये कसाबसा घेतला, दुसरा नोव्होत्नाने ६-१ असा ओढून नेला आणि तिसऱ्यात ती ४-१ अशी पुढे होती. सर्व्हिस तिचीच. गुण ४०-३०. एक गुण मिळाला की ५-१. आपा उठली, ‘जिती समजो इसे’ म्हणाली आणि तवा ठेवायला आत गेली.

नोव्होत्नाने डबल फॉल्ट केला. दुसरी सर्व्हिस तिने अशी जोरात मारली की चेंडू चौकटीच्या पार बाहेर. तो गेम गेला. पुढच्या सर्व्हिसवर पुन्हा डबल फॉल्ट. नंतर तिला एकही गेम मिळाला नाही. आपा जेवणाची ताटं घेऊन बाहेर आली तेव्हा ग्राफच्याही हातात ताटच होतं. विम्बल्डनच्या विजेतीला कप देत नाहीत, चांदीचं ताट देतात. आणि नोव्होत्ना डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. ‘ये कैसा हुआ?’ आपानं विचारलं. दुल्हाभाई म्हणाले, ‘कच खाल्ली तिनं.’

ते दोन शब्द माझ्या मनात तेव्हापासून अडकून बसले आहेत. कच खाल्ली म्हणजे नेमकं काय झालं? आजचं माझं बोलणं त्याबद्दल आहे. मी टेनिसपटू नाही. कॉलेजच्या मैदानावर चार-सहा वेळा रॅकेट हातात धरली असेल, तेवढीच. पण इतिहास घेऊन बी. ए. झालेला आणि पुढे आयुष्यभर कविता लिहीत राहिलेला माणूस काही गोष्टी सोडून देऊ शकत नाही.

आधी या खेळाचा एक गुण सांगितला पाहिजे. फुटबॉलमध्ये घड्याळ असतं. दोन गोलांनी पुढे असाल तर चेंडू इकडेतिकडे फिरवत वेळ काढता येतो. एक दिवसाच्या क्रिकेटमध्ये षटकं संपतात. टेनिसमध्ये संपत काहीच नाही. तुम्ही कितीही पुढे असा, शेवटचा गुण तुम्हाला स्वतःच्या हातानं मिळवावा लागतो. तो मिळेपर्यंत समोरच्याचा दरवाजा उघडाच. आघाडी राखून ठेवणं ही सोयच या खेळात नाही. कॉमेंटेटर ज्याला मोमेंटम म्हणतात, आपण पारडं फिरलं म्हणतो, ते इथं इतक्या वेळा का फिरतं याचं निम्मं उत्तर गुणांच्या या पद्धतीतच आहे. उरलेलं निम्मं माणसात.

याचा एक जुना नमुना. १९६८मध्ये विम्बल्डनचे दरवाजे व्यावसायिक खेळाडूंना उघडले. पुढच्याच वर्षी, १९६९मध्ये, पहिल्या फेरीत ४१ वर्षांचा पँचो गोन्झालेस चार्ली पासारेलशी खेळला. तेव्हा टायब्रेक नव्हता. पहिला सेटच पासारेलने २४-२२ असा घेतला. अंधार पडत आला तरी खेळ थांबवेनात म्हणून गोन्झालेस चिडला, दुसरा सेट त्याने ६-१ असा जवळजवळ फेकून दिला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि पुढचे तिन्ही सेट जिंकला, १६-१४, ६-३, ११-९. एकूण ११२ गेम, पाच तास बारा मिनिटं. पाचव्या सेटमध्ये पासारेलला सात मॅच पॉइंट मिळाले होते. सात वेळा तो विजयापासून एका फटक्यावर होता. पुढच्या वर्षी अमेरिकन ओपनमध्ये टायब्रेक आला आणि १९७१मध्ये विम्बल्डनमध्ये. त्यानं सामने आवरले. दडपण मात्र पातळ झालं नाही, उलट आटून घट्ट झालं.

हे पासारेलचं नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

आता १९७५. विम्बल्डनचीच पुरुषांची अंतिम लढत, ५ जुलै. जिमी कॉनर्स आणि आर्थर अ‍ॅश. कॉनर्स २२ वर्षांचा, गतविजेता. आदल्या वर्षी त्यानं चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या आणि इथल्या अंतिम सामन्यात ३९ वर्षांच्या केन रोझवॉलला फक्त सहा गेम दिले होते. अ‍ॅशला ३२ पूर्ण व्हायला पाच दिवस कमी. कॉनर्सला त्यानं त्याआधी एकदाही हरवलं नव्हतं. शिवाय दोघांमध्ये कोर्टकचेरीही चालू होती, खरीखुरी. अ‍ॅश खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष. कॉनर्स त्या संघटनेतही नव्हता आणि देशासाठी डेव्हिस कपही खेळत नव्हता. त्यावरून अ‍ॅश जे बोलला-लिहिला, त्याबद्दल कॉनर्सनं त्याच्यावर बदनामीचा दावा लावला होता. अ‍ॅश अंतिम सामन्याला आला तो डेव्हिस कपचं जाकीट घालून. त्यावर देशाचं नाव ठळक अक्षरांत. एक शब्द न बोलता त्यानं उत्तर दिलं.

उपान्त्य फेरीत रॉस्को टॅनर कॉनर्सपुढे तोफेसारखी सर्व्हिस करत राहिला आणि सरळ तीन सेटमध्ये गेला. कॉनर्सचं गणितच असं होतं. तुम्ही जेवढ्या जोरानं माराल त्याहून अधिक जोरानं चेंडू परत यायचा. दुसऱ्याचा वेग हेच त्याचं भांडवल. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री अ‍ॅश मित्रांबरोबर बसला. त्यात त्याचं व्यावसायिक काम बघणारा डोनाल्ड डेल होता आणि चार्ली पासारेल. होय, तोच, सात मॅच पॉइंट हातचे गेलेला. तो अ‍ॅशचा कॉलेजातला दोस्त. आणि ज्या गोन्झालेसनं पासारेलला हरवलं तो अ‍ॅशचा लहानपणचा आदर्श. या खेळाची दुनिया अशी एखाद्या गावकीसारखी आहे.

ठरलं ते असं. कॉनर्सला वेग द्यायचाच नाही. डावखुऱ्या कॉनर्सच्या फोरहँडला चेंडू हळू आणि बुटका टाकायचा. उजव्या बाजूच्या कोर्टातून सर्व्हिस बाहेर वळवून त्याच्या दोन हातांच्या बॅकहँडला कोर्टाबाहेर ओढायचं. तो पुढे आला की डोक्यावरून लॉब. हे सांगायला सोपं आहे. पण अ‍ॅश आयुष्यभर जोरात मारणारा खेळाडू होता. तीच त्याची ओळख, तीच त्याची मजा. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात त्याला दुसऱ्याच माणसासारखं खेळायचं होतं.

या सामन्याचं चित्रण मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं. पहिले दोन सेट बघताना वाटतं, कॉनर्सला कुणीतरी वाळूत पळायला लावलंय. ६-१, ६-१. चौदातले बारा गेम अ‍ॅशचे. प्रेक्षकांतून कुणीतरी कॉनर्सला चेव आणायला ओरडलं, तर त्यानं वैतागून प्रयत्नच करतोय ना, अशा अर्थाचं उत्तर परत फेकलं. त्या वर्षी विम्बल्डननं प्रथमच बाजू बदलताना खेळाडूंना बसायला खुर्च्या दिल्या होत्या. त्याआधी उभ्याउभ्याच घाम पुसायचा आणि पुढे जायचं. अ‍ॅश त्या खुर्चीवर बसे आणि डोळे मिटून घेई. हजारो माणसं, राजघराण्यातले पाहुणे, समोर कॉनर्स, आणि हा डोळे मिटून ताठ बसलेला. बघणाऱ्याला वाटावं, नमाजनंतर मशिदीच्या खांबाला टेकून कुणी घटकाभर बसलंय.

मग पारडं फिरलं. तिसरा सेट कॉनर्सनं ७-५ असा घेतला. चौथ्यात तो ३-०नं पुढे गेला. आता त्याचे फटके रेषेवर पडू लागले, तो स्वतःच्या मांडीवर थापा मारू लागला, लोक त्याच्या बाजूनं झाले. टेनिस थोडंफार पाहिलेल्या कुणालाही इथं एकच गोष्ट दिसते. हळू मारण्याची युक्ती उघडी पडली, कॉनर्सला ती कळली. आता अ‍ॅशनं जुन्या खेळावर यावं, जोरात मारावं. निदान हरायचंच तर आपल्या ओळखीच्या खेळानं तरी हरावं.

तो आला नाही. ०-३ वर त्यानं तेच केलं जे ०-० वर केलं होतं. बुटके चेंडू, वळणारी सर्व्हिस, लॉब. खुर्चीवर तेच मिटलेले डोळे. हळूहळू बरोबरी झाली. ४-४ वर त्यानं कॉनर्सची सर्व्हिस भेदली आणि मग स्वतःच्या सर्व्हिसवर सामना संपवला. शेवटच्या गुणालाही सर्व्हिस तीच, बाहेर वळणारी. कॉनर्सचा चेंडू लुळा परत आला आणि अ‍ॅशनं तो मोकळ्या कोर्टात मारला. मग मूठ वळून त्यानं डेल बसला होता तिकडे पाहिलं. एवढाच काय तो जल्लोष. विम्बल्डनचं पुरुष एकेरीचं विजेतेपद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय.

हा थंडपणा कुठून आला? अ‍ॅश हुशार होता, शांत स्वभावाचा होता, हे उत्तर पुरत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ते उत्तर त्याच्या गावात, व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये सापडतं. १९४३चा जन्म. त्या शहरात गोऱ्यांची टेनिस कोर्टं वेगळी होती, तिथं काळ्या मुलाला प्रवेश नव्हता. वडील काळ्यांसाठी राखलेल्या बागेचे रखवालदार. घर त्या बागेतच आणि कोर्टं दारात. सहा वर्षांचा असताना आई गेली. रोनाल्ड चॅरिटी नावाच्या कॉलेजमधल्या तरुणानं त्याला रॅकेट धरायला शिकवलं आणि पुढे, दहा वर्षांचा असताना, लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे नेलं.

हे डॉक्टर जॉन्सन म्हणजे एक स्वतंत्र भाषणाचा विषय आहेत. पेशानं वैद्य. घरामागं टेनिस कोर्ट. उन्हाळ्यात काळ्या मुलांना घरी ठेवून घेत, खाऊपिऊ घालत आणि खेळ शिकवत. १९५७ आणि १९५८ची विम्बल्डन विजेती अल्थिया गिब्सन त्यांच्याच हाताखालची. त्यांचे नियम होते. पंचाशी वाद घालायचा नाही. रॅकेट आपटायची नाही. प्रतिस्पर्ध्यानं मारलेला चेंडू रेषेच्या बाहेर दोन बोटांवर पडला तरी तो आत धरून खेळायचा. बाजू बदलताना चेंडू गोळा करून समोरच्याच्या हातात द्यायचे. कारण सरळ होतं. गोऱ्यांच्या स्पर्धेत काळ्या मुलाचा आवाज जरा चढला तर त्याला बाहेर काढायला निमित्त मिळायचं, आणि त्याच्यामागून येणाऱ्या सगळ्यांनाही. पोरगा अ‍ॅश पहिल्या उन्हाळ्यात तिथं हटून बसला, चॅरिटींनी असं शिकवलंय, मी असंच मारणार म्हणाला. तेव्हा वडील रिचमंडहून गाडी घेऊन आले. इथं राहायचं तर डॉक्टर सांगतील ते ऐकायचं, नाहीतर घरी चल. तो राहिला.

म्हणजे बघा, दहाव्या वर्षापासून या मुलाला एकच धडा रोज गिरवायला लावला. मनातलं हातात येऊ द्यायचं नाही. चेंडू बाहेर पडलेला डोळ्यांनी दिसतोय, तरी आत म्हणायचं आणि पुढचा गुण खेळायचा. अन्याय झाला की लगेच पुढच्या चेंडूकडे वळायचं. १९७५च्या चौथ्या सेटमध्ये ०-३ हा त्याच्या दृष्टीनं काय मोठा अन्याय होता? त्याहून कितीतरी वाईट परिस्थितीत डोळे मिटून शांत बसायची त्याला सवय होती.

पण हे मी कौतुकानं सांगत नाही, निदान पूर्ण कौतुकानं नाही. माणसाला ही सवय लावणारी व्यवस्था क्रूर होती. १९९२मध्ये आपल्याला एड्स झाल्याचं अ‍ॅशला जाहीर करावं लागलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून तो आला होता. त्या काळात त्याला विचारलं गेलं की हेच तुमच्या आयुष्यातलं सर्वांत जड ओझं असेल ना? तर तो नाही म्हणाला. काळा म्हणून जगणं हे त्याहून जड. स्वतःच्या लोकांतल्याही काहींना त्याचा शांतपणा खुपायचा. त्यांना त्यात नेभळटपणा दिसे. दोन्हीकडून मार.

इथं माझ्याबद्दल थोडंसं बोलतो, माफ करा. तरुणपणी एका गावच्या कविसंमेलनात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक म्हणाले, आता आपले मुस्लिम कवी आपल्याला उर्दू शेर ऐकवतील. मला उर्दू वाचता येतं ते अडखळत. मी मराठी कविता घेऊन आलो होतो. त्या क्षणी माझा घसा कोरडा पडला, पहिल्या दोन ओळी चुकल्या आणि लोकांची कुजबुज सुरू झाली. दडपण कवितेचं नव्हतं. मी चुकलो तर मी एकटा चुकणार नव्हतो, माझ्याबरोबर ‘हे लोक’ चुकणार होते. अ‍ॅशचं दडपण त्याच्या हजारपट, पण जातकुळी तीच, असं मला वाटतं. मी काय केलं? बसायला खुर्ची नव्हती. कागद खाली ठेवला, पाणी प्यायलो आणि तीच कविता पहिल्यापासून वाचली. बरी झाली. फार बरी नाही.

आता परत नोव्होत्नाकडे. आपाच्या घरातल्या त्या ४-१कडे.

ग्राफचा फोरहँड त्या काळी जगात सर्वांत घातक होता. तिला दुसरी सर्व्हिस गुळमुळीत टाकणं म्हणजे गुण बहाल करणं. नोव्होत्ना त्या दिवशी जिंकत होती ती धोका पत्करत, पुढे धावून, दुसरी सर्व्हिसही जोरात मारून. दुसरा सेट ६-१ असा त्याच खेळानं आला होता. ४०-३० वर तिनं जी दुसरी सर्व्हिस मारली ती याच खेळातली. ती घाबरली असती तर बहुधा चेंडू हळूच चौकटीत ढकलला असता. माझ्या मते त्या एका फटक्यापुरती तरी तिनं कच खाल्ली नाही. तिनं ठरलेला खेळ सोडला नाही. पुढे मात्र हात आखडला, ते कुणालाही दिसत होतं.

मग अ‍ॅशनं ०-३ वर ठरलेला खेळ सोडला नाही त्याला आपण धीर म्हणतो, आणि नोव्होत्नानं ४-१ वर सोडला नाही त्याला कच खाणं. समजा, चौथा सेट कॉनर्सनं घेतला असता आणि पाचवाही. तर लिहिणाऱ्यांनी लिहिलं असतं की अ‍ॅशला बदलत्या परिस्थितीत बदलता आलं नाही, हळू चेंडूंच्या हट्टापायी त्यानं विम्बल्डन घालवलं. पानिपताबद्दल आपण दोनशे साठ वर्षं हेच करत आलो आहोत. शेवट माहीत असतो, मग भाऊंचा प्रत्येक निर्णय चुकीचाच दिसतो. जिंकले असते तर तेच निर्णय पोवाड्यांत गेले असते. दुल्हाभाईंना मी हे एकदा समजावायला गेलो. ते म्हणाले, ‘तू कवी आहेस, तुला हरणाऱ्यांचा पुळका.’ असेलही.

नोव्होत्नाच्या बाबतीत एवढं खरं की तो शिक्का तिच्यावर बसला आणि त्या शिक्क्याचंही वजन असतं. १९९५च्या फ्रेंच ओपनमध्ये चँडा रुबिनविरुद्ध ती तिसऱ्या सेटमध्ये ५-०, ४०-० अशी पुढे होती. नऊ मॅच पॉइंट गेले आणि तिसरा सेट ८-६ असा गेला. इथं मात्र मी तिची वकिली करत नाही. एकदा जगानं तुम्हाला सांगितलं की तुम्ही कच खाता, की पुढच्या वेळी आघाडी घेतल्यावर तुम्ही दोघांशी खेळत असता. १९९७मध्ये ती पुन्हा विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात आली, पहिला सेट ६-२ जिंकली आणि सोळा वर्षांच्या मार्टिना हिंगीसकडून हरली.

१९९८मध्ये तिसऱ्यांदा. समोर फ्रान्सची नाताली टोझिया. पहिला सेट ६-४. दुसरा ६-६पर्यंत आला. आता टायब्रेक. म्हणजे ज्या ठिकाणी दडपण सर्वांत दाट असतं, बरोबर तिथं ती उभी. पाच वर्षांपूर्वीचं सगळं कोर्टावर तिच्या शेजारी उभं असणार. त्या दिवशीही मी आपाच्याच घरी होतो आणि या वेळी आपा तवा ठेवायला उठली नाही. नोव्होत्नानं तो टायब्रेक ७-२ असा घेतला. त्याच डचेसच्या हातून ताट घेताना ती हसत होती आणि रडतही होती.

आर्थर अ‍ॅश फेब्रुवारी १९९३मध्ये गेला, नोव्होत्नाच्या त्या सामन्याच्या पाच महिने आधी. वय ४९. याना नोव्होत्ना नोव्हेंबर २०१७मध्ये कर्करोगानं गेली. तिचंही वय ४९. दुसऱ्या दिवशी ज्या वर्तमानपत्रात मी ती बातमी वाचली, तिच्यासोबतचा फोटो ताट उंचावलेला नव्हता. डचेसच्या खांद्यावर डोकं टेकलेला होता. मी ते पान आपाला नेऊन दाखवलं. चष्मा लावून तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘दूसरा नहीं था क्या इनके पास?’